ग्लास मंचाखालीच ठेवा

मंडळी, दिवाळीच्या कार्यक्रमांची आखणी सुरू झाली की व्हॉट्सॲपवर एक जाहिरात हमखास फिरते: लाइव्ह म्युझिक, सुग्रास जेवण आणि बार. जाहिरातीत या तिन्ही गोष्टी गुण्यागोविंदाने नांदतात. प्रत्यक्ष हॉलमध्ये रात्री साडेनऊनंतर पहिलीचं आणि तिसरीचं पटत नाही. आणि त्या भांडणात हरतो तो नेहमी वादक. त्याचं नुकसान कार्यकारिणीच्या इतिवृत्तात येत नाही, हिशेबात तर नाहीच नाही. मला आज त्यावर भांडायचं आहे.

मी इथल्या एका हौशी वाद्यवृंदात पेटी वाजवते. आम्ही सगळे नोकरदार. शनिवारी दुपारी गाडीत वाद्यं भरायची, दोन-तीन तास मोटरवेवर काढायचे, कुठल्या तरी शाळेच्या किंवा चर्चच्या हॉलमध्ये तारा जोडायच्या, भावगीतांपासून लावणीपर्यंत वाजवायचं आणि मध्यरात्री परत निघायचं. मानधन पेट्रोलपुरतं. तक्रार त्याची नाही. तक्रार उत्तरार्धाची आहे.

उत्तरार्धात काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. लावणी सुरू होते. पुढच्या रांगेतले चार जण नाचायला उठतात, त्यातला एक मंचावर चढतो. इथल्या हॉलचे मंच गुडघाभर उंचीचे, चढायला कष्ट नाहीत. त्याच्या हातात ग्लास असतो. तो निवेदिकेचा माइक मागतो, मिळाला नाही तर घेतो. मग ढोलकीवाल्याला म्हणतो, "दे रे, मी पण कॉलेजात वाजवायचो." ग्लास ठेवायला सपाट जागा हवी म्हणून तो पेटीवर टेकतो किंवा मिक्सरच्या कडेला. तिसऱ्या मिनिटाला कुणाचा तरी पाय तारेत अडकतो आणि पुढचं सांगायला नको. गेल्या काही वर्षांत आमच्या एका तबल्याची पुडी बिअरने गेली, एका कीबोर्डच्या अर्ध्या पट्ट्या मुक्या झाल्या आणि माझ्या पेटीचा एक सूर रेड वाइन प्यायल्यानंतर आठवडाभर आपोआप बोलत राहिला. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी निरोप आला तो एकच: "कार्यक्रम भन्नाट झाला!"

ज्यांना हे क्षुल्लक वाटतं त्यांच्यासाठी थोडं वाद्याच्या पोटात शिरू. तबल्याची काळी शाई म्हणजे रंग नव्हे. लोखंडाची पूड खळीत कालवून तिचे पातळ थर एकावर एक चढवतात, प्रत्येक थर दगडाने घोटतात. त्या घोटण्याने शाईला बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांमुळेच तबला बोलतो. तिच्यावर द्रव सांडला की थर सुटू लागतात, कातडं सैल पडतं. पुसून वाळवलं तरी तो आधीचा नाद परत येत नाही. पुडी बदलावी लागते, आणि ती चांगल्या हातांनी बसवून घ्यायची तर कित्येकांना पुढच्या भारतवारीची वाट पाहावी लागते. दुसरा तबला आणून भागवता येत नाही का? नाही येत. काळी एकला लागणारा तबला पांढरी पाचला ओढून बसवता येत नाही. गायिका बदलली की तबला बदलतो, म्हणून तर वादक दोन-तीन तबले वाहून आणतो.

पेटीचं दुखणं वेगळं. पट्ट्यांच्या फटीतून पेय खाली उतरतं ते थेट पितळी सुरांवर. पाणी असतं तर वाळलं असतं. कोक, वाइन, मोहितो यांत साखर असते. ती वाळली की सूर चिकटतो, मग तो वाजत नाही, नाहीतर थांबत नाही. भात्याचे सांधे गोंदाने आणि चामड्याने जोडलेले, तेही ओल धरतात. आणि जमिनीवर पसरलेल्या एक्स्टेन्शन बोर्डांबद्दल मी वेगळं काय सांगू? त्यांत २३० व्होल्टचा प्रवाह असतो. तिथे ग्लास कलंडला तर प्रश्न फक्त वाद्याचा राहत नाही.

आता सबबी. मला त्या तोंडपाठ आहेत.

पहिली सबब: "आपलीच माणसं आहेत, त्यांना कसं बोलायचं?" सगळ्या रोगाचं मूळ हेच आहे असं माझं म्हणणं आहे. दोष दारूचा जितका, त्याहून जास्त या 'आपलेपणा'चा. हाच गृहस्थ रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तीन पेग घेऊनही व्हायोलिनवाल्याच्या खांद्यावर हात टाकणार नाही. गावातल्या पबमध्ये लोकसंगीताची बैठक बसते, तिथे वादकांच्या स्वतःच्या पुढ्यातच बिअर असते. तरी न विचारता दुसऱ्याच्या फिडलला हात लावू नये, हा शिष्टाचार तिथल्या पिणाऱ्यालाही ठाऊक असतो. म्हणजे नशेतही माणसाला कळतं की कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही. आपल्याकडे चालतं, म्हणून तो करतो.

दुसरी सबब: "रॉक कार्यक्रमांत तर गिटारी फोडतात!" हो, फोडतात, आणि त्याची सुरुवात आपल्या शेजारीच झाली. १९६४ साली हॅरोच्या रेल्वे टॅव्हर्नमध्ये 'द हू'च्या पीट टाउनशेंडची गिटार आधी ठेंगण्या छताला लागून मोडली आणि मग त्याने ती उरलीसुरली आपटून फोडली. ३१ मार्च १९६७ ला फिन्सबरी पार्कच्या अस्टोरियात जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटवली. पण मंडळी, गिटार टाउनशेंडची होती आणि हात टाउनशेंडचा होता. आपलं वाद्य मोडायचा हक्क कलावंताला आहे. समोरच्याला तो तिकिटाबरोबर मिळत नाही, मग तिकीट वीस पाउंडांचं असो की दोनशेचं.

तिसरी सबब: "विमा असतो ना?" काहींचा असतो. म्युझिशियन्स युनियनच्या सभासदांना वाद्यांचा विमा काही मर्यादेपर्यंत मिळतोही. पण हौशी वादकांपैकी कितीजण तिथे सभासद आहेत? आणि विमा असला तरी बहुतेक पॉलिसींत पहिली काही रक्कम आपल्याच खिशातून जाते. शिवाय विमा पैसे देतो. दहा वर्षं रियाज करून हाताला बसलेली जोडी तो कुठून देणार?

चौथी सबब सर्वांत मानभावी: "वादकांनी आपली काळजी आपण घ्यावी." घेतोच की. मध्यंतरात तबल्यांवर झाकणं, पेटीला खोळ, तारांना टेप, तंबोऱ्याचं यंत्र खुर्चीखाली. पण वाजवताना तबल्यावर झाकण कसं ठेवायचं ते कुणीतरी दाखवून द्यावं. दोन्ही हात पेटीवर असताना तिसऱ्या हाताने कुणाला अडवायचं, तेही सांगावं.

कायद्याचं म्हणाल तर इंग्लंड आणि वेल्समध्ये तो वादकाच्या बाजूने आहे. १९७१ च्या क्रिमिनल डॅमेज ॲक्टखाली दुसऱ्याची वस्तू बेपर्वाईने मोडणं हाही गुन्हा आहे. स्वतःहून प्यालेल्या माणसाला अशा बेपर्वाईच्या गुन्ह्यात नशेचा आडोसा घेता येत नाही, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७६ च्या मॅजेव्स्की खटल्यात मांडलेलं तत्त्व आहे. २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टचं कलम १४१ सांगतं की झिंगलेल्या माणसाला जाणूनबुजून दारू विकणं गुन्हा आहे, आणि कलम १४२ नुसार त्याच्यासाठी दुसऱ्याने घेऊन देणंही. "अरे, त्याचा पेग माझ्याकडून" म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. परवाना नसलेल्या हॉलमध्ये बार लावायचा तर मंडळ २१ पाउंड भरून टेम्पररी इव्हेंट नोटीस देतं. त्या कागदावर ज्याची सही असते, त्या माणसावरही कलम १४१ ची जबाबदारी येते. आपल्या कमिटीत तो कागद म्हणजे फक्त एक खर्चाची नोंद असते.

आणि जिथे 'आपापली बाटली आणा' असा मामला, तिथे विक्रीच नसल्याने विक्रीचं कलमही नाही. अशा वेळी 'आता पुरे' म्हणायला काउंटरमागे कुणीच उरत नाही. त्यामुळे मंडळाची जबाबदारी तिथे कमी होत नाही, दुप्पट होते.

पण खरं सांगा, आपल्यातला कोण कुणावर पोलिसात जाणार आहे? पुढच्या गणपतीत त्याच रांगेत उभं राहून प्रसाद घ्यायचा असतो. म्हणूनच हा प्रश्न कायद्यावर सोडून चालत नाही. नियम मंडळानेच करायला हवा.

नियम करणं आपल्या परंपरेत बसत नाही असं कुणी म्हणू नये. गावच्या जत्रेत तमाशाचा फड उभा राहतो तेव्हा जत्रा कमिटी मंचापुढे लाकडी बल्ल्यांचं कुंपण घालते. पुढच्या प्रेक्षकांत कोण काय घेऊन आलाय ते तिला माहीत असतं, आणि ढोलकीला धक्का लागला तर फड थांबेल हेही. ज्या जत्रेला आपण इथे बसून गावंढळ म्हणतो, तिला जे कळतं ते डॉक्टर-इंजिनियरांनी भरलेल्या आपल्या कमिटीला कळू नये?

आणि परंपराच काढायची तर खंडेनवमी आठवा. त्या दिवशी आपण हत्यारं, अवजारं पुजतो आणि वादक आपली वाद्यं. मंडळाच्या फेसबुक पानावर झेंडूची फुलं वाहिलेल्या तबल्याचा फोटो झळकतो. तीन आठवड्यांनी दिवाळी, आणि त्याच तबल्याशेजारी लागरचा ग्लास. फूल वाहिलंत, फार छान. आता ग्लास उचला.

माझ्या मागण्या साध्या आहेत. मंचावर आणि मंचाच्या कडेवर कुणाचंही पेय नको, वादकांचंसुद्धा नाही. आमचं पाणी झाकणाच्या बाटलीत. मंच आणि पहिली रांग यांत दोन मीटर मोकळे, नाचायची जागा बाजूला किंवा मागे. बार मंचापासून हॉलच्या दुसऱ्या टोकाला. एक स्वयंसेवक फक्त मंचासाठी, न पिणारा, आणि सुरुवातीलाच सर्वांना नावाने ओळख करून दिलेला. कुणी ग्लास घेऊन वर चढला तर वाजवणं थांबेल आणि तो खाली उतरल्याशिवाय सुरू होणार नाही, हे निवेदकाने आधीच हसतमुखाने सांगावं. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची: नुकसान झालं तर भरपाई आधी मंडळ देईल, मग ती त्या पाहुण्याकडून वसूल करायची की नाही ते मंडळ बघेल. हे मानधनाच्या ईमेलमध्ये एका ओळीत लिहून द्या. हॉलची खुर्ची मोडली तर डिपॉझिट कापलं जातं, ते आपण निमूट सोसतो. तबला त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीहून हलका आहे का?

यात दारूबंदी कुठेही नाही. ज्यांना प्यायची त्यांनी प्यावी, नाचावं, शिट्ट्या माराव्यात. लावणीला शिट्टी आली नाही तर आम्हालाच चुकल्यासारखं होतं. मला एवढंच म्हणायचं आहे की परदेशात तबला-पेटी-ढोलकी घेऊन बसणारी माणसं मोजकी आहेत. ती हळूहळू 'नको रे बाबा मंडळाचे कार्यक्रम' म्हणू लागली आहेत. ती थांबली की तुम्हाला मिळेल तो लॅपटॉपवरचा ट्रॅक. त्यावर बिअर सांडली तरी फारसं बिघडणार नाही, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नसेलच.

तेव्हा कमिटीची पुढची झूम बैठक झाली की जेवणाच्या मेनूवर चर्चा सुरू व्हायच्या आधी हात वर करा आणि एकच प्रश्न विचारा: "मंचाची जबाबदारी कुणाची?" उत्तरादाखल एखादं नाव आलं तर आम्ही वाजवायला येतो. उत्तर "बघू या" असं आलं, तर त्या संध्याकाळी वाद्यं घरीच राहतील.