कार्ब्युरेटरखालचा एक इंच

‘कार्ब्युरेटरखाली एक इंचाचा स्पेसर बसवा, इंजिनाची ताकद वाढलीच समजा,’ असे अमेरिकेतल्या व्ही-८ गाड्यांच्या शौकिनांना वर्षानुवर्षे ऐकवले जाते. मला हे मुळीच मान्य नाही. कार्ब्युरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसणारा हा पोकळ ठोकळा स्वतः काहीच निर्माण करत नाही.

शेवरलेचे ३५० घनइंची इंजिन घ्या. त्यावर ड्युअल-प्लेन मॅनिफोल्ड असेल, तर चार घशांच्या कार्ब्युरेटरखालची पोकळी भिंतीने दुभागलेली असते आणि प्रत्येक भाग चार सिलिंडरांना पुरवतो. मोकळा स्पेसर ठेवला की भिंतीच्या वर दोन्ही भाग जोडले जातात, प्रत्येक सिलिंडरला चारही घसे मिळतात. मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर याचा फायदा होऊ शकतो. पण पोकळी वाढली की कमी फेऱ्यांवर सिलिंडरची ओढ व्हेंच्युरीपर्यंत, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यापर्यंत, पोचेतो क्षीण होते, पेट्रोल नीट फवारले जात नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते. चार भोकांच्या स्पेसरने ही ओढ बरीच टिकते; मात्र वरचा लाभही सहसा कमीच. शहरातली गाडी बहुतेक वेळ तीन हजार फेऱ्यांच्या आत चालते. तिच्या मालकाला सहा हजारांवरची ताकद विकणे ही फसवणूक आहे.

तरीही स्पेसरला थोतांड ठरवणारे चुकतातच. त्याचे खरे काम उष्णता अडवण्याचे आहे. गाडी तापवून बंद केली की मॅनिफोल्डची धग वर चढते, कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाऊलमधले (पेट्रोल साठणाऱ्या वाटीतले) पेट्रोल उकळते आणि थोड्या वेळाने इंजिन लवकर सुरूच होत नाही. फिनॉलिकचा किंवा लाकडी थरांचा स्पेसर ही धग रोखतो. ॲल्युमिनियमचा मात्र ती सरळ वर पोचवतो, म्हणून या कामी तो निरुपयोगी.

आपल्याकडच्या जुन्या, कार्ब्युरेटरच्या अनेक मोटारसायकलींत हेड आणि कार्ब्युरेटरमध्ये काळा इन्सुलेटर असतो, तोही यासाठीच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषण मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. पण जुन्या गाड्या अजून धावताहेत. त्यांच्या मालकांना माझी विनंती आहे: तो इन्सुलेटर काढून धातूची पट्टी बसवू देऊ नका, तडा गेला असेल तर तसाच नवा घाला. आणि ॲव्हरेज वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पात्यांच्या चकतीवर पैसे घालवू नका; ती हवेच्या वाटेत अडथळाच उभा करते.