दांडा लांब, कष्ट कमी

सोलापूर जिल्ह्यात ऊस तुटला की पुष्कळ पाचट शेतातच पेटवले जाते. घरात मात्र सरपण विकत आणावे लागते. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने पाचटापासून कोळसा करून दाखवला, २००२ साली त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

कोरडे पाचट हाताच्या जोराने घट्ट बसत नाही. आधी त्याचा कोळसा करून भुकटीत खळ मिसळायची, मागावरच्या सुताला देतात तशी. मग बेताचा दाबही पुरतो. बिजागरीपासून दट्ट्या १ फुटावर आणि मूठ ५ फुटांवर असेल, तर २० किलोचा जोर जवळपास १०० किलोचा होतो. आम्हाला वाटते, यंत्राचे माप ते चालवणाऱ्या बाईच्या ताकदीवरून ठरावे.

कांड्या वाळवून शेगडीत वापरा; पण बंद खोलीत नको. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, जीव मात्र घेतो.