कासवीच्या अंड्यांना राखणदार आहे

फॉर्म द्यायला गेले, तेव्हा खिडकीतल्या माणसाने मान वर न करताच विचारलं, "मुलगी कुठल्या वर्षाला?" म्हटलं, "मुलगी नववीत आहे. फॉर्म माझा आहे." मग त्याने वर बघितलं आणि हसला. माणूस वाईट नव्हता, पण ते हसू माझ्या ओळखीचं होतं. सासरी, माहेरी, महिला मंडळात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तेच हसू. आमच्या मोरजीच्या शेजारच्या आजीने निदान तोंडावर विचारलं, "आता शिकून कित्याक गो बाये?"

मी सांगलीकडची. लग्न होऊन मोरजीत आले त्याला अठरा वर्षं झाली. घरचं दुकान आहे. बारावी झाल्यावर लग्न ठरलं, तिथे माझं शिक्षण थांबलं. पण हिशेब थांबला नाही. उधारीची वही, मालाची बिलं, बँकेचा भरणा, सगळं माझ्याकडे. 2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा घरातले पुरुष डोकं धरून बसले, आणि मी धाकट्याला मांडीवर घेऊन विवरणपत्र भरायला शिकले. आजही महिन्याची वीस तारीख मला पाठ आहे. तरी मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर माझ्या नावापुढे काय लिहिलं जातं? गृहिणी. व्यापारी घरातल्या किती बायका अशा बिनपगारी मुनीम आहेत, एकदा आपल्याच समाजात मोजून बघा.

म्हणून मी एकेचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातलं. हौस म्हणून नाही. मोरजीत घरोघरी पर्यटकांना खोल्या भाड्याने देतात. पर्यटन खात्याची नोंदणी, कर, वर्षाचा हिशेब, या सगळ्यासाठी लोक म्हापशाला फेऱ्या मारतात. ते काम मला गावात बसून करायचं आहे, माझ्या नावाच्या पाटीखाली आणि पैसे घेऊन.

यावर जो पहिला सल्ला मिळतो, तो अगदी मायेने दिलेला असतो: "मुलं मोठी होऊ देत, मग बघ." या मायेचा एकदा हिशेब मांडू. तेविसाव्या वर्षी लग्न, पंचविसाव्या वर्षी पहिलं मूल, अठ्ठाविसाव्या वर्षी दुसरं. धाकट्याची दहावी होईस्तोवर आई चव्वेचाळीसची. महाराष्ट्रात सरकारी नोकरीची सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या वर्गाला 38 वर्षं आहे. म्हणजे "मग बघ" म्हणेपर्यंत एक मोठं दार सहा वर्षांपूर्वीच बंद झालेलं असतं. आणि दहावीनंतर मुलाची बारावी येते, त्यानंतर सासऱ्यांचं आजारपण, पुढे मुलीचं लग्न. या "मग"ला तळ नाही.

दुसरा त्रास कौतुकाचा. चाळिशीतली एखादी बाई बारावी पास झाली की आपण तिला व्यासपीठावर बोलावतो, शाल-श्रीफळ देतो आणि तिच्या जिद्दीवर भाषण करतो. मला या जिद्द शब्दाचा आता राग येतो. जिद्द म्हटलं की बाकीच्यांची सुटका होते. ती पहाटे चारला उठून अभ्यास करायची, असं कौतुकाने सांगतात. पण चारलाच का उठायची? दिवसा तिला कुणी तास दिला नाही म्हणून. व्यासपीठावर बसलेल्यांपैकी एकाने तरी तिचं मूल एक संध्याकाळ सांभाळलं होतं का?

आपल्याच समाजातलं उदाहरण घेते. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पदरात लहान मुलगी. वडिलांनी त्यांना घरी आणून शिकवलं, आणि पुढे मुंबईच्या श्राविकाश्रमात कितीतरी बायका त्यांच्यामुळे शिकल्या. ही गोष्ट आपण मगनबाईंच्या जिद्दीसाठी सांगतो. जिद्द होतीच हो, पण मी वडिलांकडे बघते. लेकीच्या अभ्यासासाठी घराने जागा केली, वेळ केला, पैसा घातला. पुण्याच्या सेवासदनने 1909 नंतर संसारी बायकांसाठी वर्ग काढले, ते दुपारचे. घरातली कामं आवरून बाई केव्हा बाहेर पडू शकते, याचा विचार त्या काळच्या लोकांना सुचला होता.

आज काय आहे? पीएच.डी. करणाऱ्या बाईला 2022 च्या नियमांनी 240 दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपनाची रजा दिली, मुदतही दोन वर्षं वाढवली. चांगलं झालं. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, असं 2017 पासून कायदा सांगतो. पण तीन वर्षांचं मूल घेऊन बारावीचा पेपर द्यायला आलेल्या बाईचं मूल तीन तास कुठे ठेवायचं? ते ठेवायचं बाहेर झाडाखाली, नणंदेच्या मांडीवर. नणंद मोकळी नसेल तर तो पेपर बुडाला.

आमच्या मोरजीला तेंबवाड्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासविणी येतात. रात्री वाळूत खड्डा करतात, अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. त्या अंड्यांभोवती वनखात्याचं कुंपण असतं, राखणदार असतो, पन्नासेक दिवस पहारा असतो. पिल्लं बाहेर आली की लोक फोटो काढतात. कासवीला कुणी वाईट आई म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मी पेपरला गेले, तेव्हा दुकानात आलेल्या तिघीजणींनी विचारलं, "पोरांना कुणाकडे टाकून गेली?" टाकून! मुलं त्यांच्या बापाजवळ होती.

तरी एक गोष्ट आपल्या घरांत आहे, ती बाकीच्या बायकांकडे नाही. आपल्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवण होतं. गोव्यात डिसेंबरला सहाच्या सुमारास, जूनला सातनंतर दिवस बुडतो, आणि आपली चूल बंद. शेजारणी रात्री दहापर्यंत माशाच्या आमटीशी झुंजत असतात, तेव्हा आपल्याला तीन तास मोकळे. मग ते जातात कुठे? उद्याची भाजी निवडण्यात, मुलांच्या वह्यांना कव्हर घालण्यात, पाहुण्यांच्या फोनमध्ये. मी माझे सात ते दहा मागून घेतले. आठवडाभर घर फुगून बसलं, नंतर सवय झाली. मुलीने भांडी घासायला घेतली, आणि मुलगाही घासतो, हे इथे मुद्दाम लिहिते.

हिशेबाची आणखी एक गोष्ट. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. डिसेंबर म्हणजे मोरजीचा भर हंगाम, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पहिल्या वर्षी मी डिसेंबर धरला आणि एका विषयात गचकले. आता फक्त जून. तेव्हा पावसाने शॅक बंद झालेले असतात, मासेमारीही बंद असते, गाव झोपलेलं असतं. पदवीला तीनऐवजी सहा वर्षंही घेता येतात. दहावी राहिलेल्या बायांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे बघावं. तिथे एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. पुढे कुठलं काम करायचं ते आधी ठरवा आणि त्यावरून विषय निवडा. उगाच सोपा विषय म्हणून घेतला तर कागद मिळतो, काम मिळत नाही.

आता पंचमंडळींना. पूजेच्या बोलीत चढणारे आकडे मी कानांनी ऐकले आहेत. त्यातल्या एका आकड्यात गावातल्या दहा बायांची वर्षाची फी निघेल. बरं, पैसे राहू देत. समाजाचं सभागृह लग्नसराई सोडली तर संध्याकाळी रिकामंच असतं. तिथे चार टेबलं टाका, दिवे लावा. पाठशाळेच्या ताईंना थोडं मानधन देऊन मुलांना खालच्या खोलीत बसवा. सात ते दहा, आठवड्यातले चार दिवस. मागच्या बैठकीत मी हे मांडलं, तर "विचार करू" म्हणाले आणि पुढचा विषय शाल कुणाला द्यायची, हा निघाला.

सभागृहाची किल्ली कुणाच्या ड्रॉवरमध्ये असते ते मला माहीत आहे. सोमवारी सहा वाजता, जेवण उरकून, आम्ही पाचजणी ती मागायला जाणार आहोत.