विश्लेषण : रामशेज-बोरगडचे डोंगर ‘राष्ट्रीय उद्याना’विना वाचतील का?

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. नाशिक जिल्ह्यातून त्यात साल्हेर आहे. दिंडोरी तालुक्यातील रामशेज नाही. दुसरीकडे २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकला रस्ते हवेत. रस्ता म्हटला की खडी आली आणि खडी म्हटली की डोंगर आला. यादीत नसलेल्या डोंगरांना मग संरक्षण कशाचे?

हे डोंगर असे पायऱ्यांचे का?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. दख्खनचे पठार त्यातूनच बनले. यातले काही थर घट्ट काळ्या कातळाचे, तर काही बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले. सच्छिद्र थर लवकर झिजतो आणि त्याचा मुरूम होतो. कातळ मात्र कड्यासारखा उभा राहतो. भूशास्त्रात या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. वणीपलीकडे सातमाळेत धोडपच्या माथ्यावर जी भिंत दिसते, ती मात्र आडव्या थराची नव्हे. भेगेतच थिजलेला लाव्हा आजूबाजूचा खडक झिजल्यावर उघडा पडला, तीच ही भिंत.

या रचनेचा इतिहासाशी काय संबंध?

थेट आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांनी दाऊदखान कुरेशीच्या फौजेला वणी-दिंडोरीच्या मुलखात हरवले. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या शहाबुद्दीन खानाने रामशेजला वेढा घातला. नाशिकहून जेमतेम १४-१५ किलोमीटरवरचा, एकटा उभा असलेला हा डोंगर सहज पडेल असा मोगलांचा होरा असावा. तो पाच वर्षे पडला नाही. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. लाकडी नळ्यांना कातडे गुंडाळून मावळ्यांनी त्याच वापरल्या, असे सांगितले जाते. कड्याने तटाचे काम निम्मे केले होते आणि कातळात खोदलेल्या टाक्यांत पाणी होते. शेवटी किल्ला फितुरीने गेला. कडा आणि टाकी या दोन गोष्टी वगळल्या, तर रामशेजचा वेढा समजतच नाही. म्हणून नुसती तटबंदी ‘वारसा’ ठरवून डोंगराचा पायथा मोकळा सोडणे म्हणजे अर्धेच जतन.

द्राक्षबागांचा यात काय वाटा?

तालुक्याच्या पश्चिमेचे डोंगर जलविभाजक आहेत. त्यांच्या एका उतारावरचे पाणी पार नदीतून अरबी समुद्राला जाते, दुसऱ्यावरचे कादवेतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला. करंजवण, वाघाड, पुणेगाव, ओझरखेड, तिसगाव, पालखेड ही धरणे या पूर्वेकडच्या पाण्यावर भरतात. पश्चिमेचे पाणी पूर्वेला वळवण्यासाठी मांजरपाड्याला बोगदा खोदावा लागला, यावरून या थेंबांची किंमत कळावी. भेगाळलेला कातळ आणि वरचे गवत पावसाचे पाणी धरून ठेवतात, सावकाश सोडतात. मात्र सरकारी नोंदींत असे खडकाळ, गवताळ माथे बहुधा ‘पडीक’ ठरतात. पडीक म्हटले की एक तर झाडे लावायची, नाही तर खाण द्यायची. दोन्हीत गवताचा विचार नाही.

मग राष्ट्रीय उद्यान का नको?

इंग्लंडमधले डार्टमूर १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. ९५४ चौरस किलोमीटरचा हा ग्रॅनाइटचा उघडाबोडका, दलदलीचा माळ. तेथील बरीचशी जमीन खासगी मालकीची आहे, गावे आहेत, मेंढ्या चरतात. नियंत्रण आहे ते जमिनीच्या वापरावर. आपल्याकडे हेच नाव फार कडक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत आणि अंतिम घोषणेआधी लोकांचे हक्क निकाली काढावे लागतात. आदिवासी पाडे आणि द्राक्षबागांच्या दिंडोरीत हा मार्ग व्यवहार्य नाही. खरे तर न्याय्यही नाही.

पर्याय कोणता?

तो शेजारीच आहे. २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात ‘संवर्धन राखीव’ आणि ‘सामुदायिक राखीव’ असे दोन दर्जे आले. पहिला सरकारी जमिनीसाठी. तेथे लोकांचे हक्क कायम राहतात आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. रामशेजजवळचा बोरगड २००८ मध्ये राज्यातला पहिला संवर्धन राखीव झाला. क्षेत्र लहान, सुमारे साडेतीन चौरस किलोमीटर. त्यामागे नाशिकच्या पक्षीमित्रांची आणि तुंगलदऱ्याच्या गावकऱ्यांची मेहनत होती.

अडचण पायथ्याची आहे. माथा वनजमीन असेल तर खाणीसाठी केंद्राची मंजुरी लागते. खालचा उतार महसुली किंवा खासगी असेल, तर गौण खनिजाचा परवाना जिल्हा पातळीवर मिळू शकतो. खासगी जमिनीसाठी सामुदायिक राखीव हा दर्जा आहे, पण त्यात मालकाची तयारी लागते आणि नंतर समितीचा ठराव व सरकारची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. शहर जवळ येत असताना, भाव चढत असताना असा कागद कोण देईल? मोबदल्याची काही सोय केल्याशिवाय फारसे कोणी देणार नाही, हे उघड आहे. वनहक्क कायदा, २००६ मधील सामूहिक वनहक्क हा आणखी एक रस्ता; तो आदिवासी गावांना आपल्या वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार देतो.

सामूहिक कारभार दिंडोरीला नवा नाही. वाघाड धरणाच्या पाण्याचे वाटप शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था करतात आणि तो प्रयोग पाहायला बाहेरून लोक येतात. धरणात पाणी आणणारा डोंगर मात्र अजून कोणत्याही संस्थेच्या कामकाजात नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी खडी कुठून येणार, याचा गट क्रमांकासह आराखडा जाहीर करून ग्रामसभांपुढे ठेवला, तर निदान चर्चा परवाना निघण्याआधी होईल.