कुठलं काडतूस चालतं? जे मिळतं ते!

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं. या प्रकारातलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. तेव्हापासून सातारा-सांगलीतले पालक भेटले की विचारतात, "पोराला शूटिंगला घालायचंय, रायफल कुठली घ्यावी?" मी म्हणतो, रायफल एकदाच घ्याल, काडतुसं रोज लागतील. आधी ती कुठून आणणार ते बोला.

लांब पल्ल्याच्या नेमबाजीत आज जगभर ६.५ क्रीडमूर या काडतुसाचं नाव आहे. गोळी लांब आणि सडपातळ, त्यामुळे वाऱ्याने कमी ढळते, खांद्याला झटकाही कमी. पण हे गुण काही नवे नाहीत. साडेसहा मिलिमीटरचं स्वीडिश काडतूस १८९० च्या दशकातलं. १९९७ ला आलेलं .२६० रेमिंग्टन तर क्रीडमूरच्या जवळजवळ तोडीचं. तरी बाजी मारली २००७ च्या क्रीडमूरने. का? कंपनीने स्पर्धेच्या दर्जाचं तयार काडतूस परवडणाऱ्या भावात दुकानात ठेवलं, आणि रायफलवाल्यांनीही तशा रायफली काढल्या. सरावाला माल मिळाला म्हणून नेमबाज वळले.

आपल्याकडे तर निवड कायदाच करतो. इंग्रजांनी .३०३ सारखी लष्करी बोअर सामान्य माणसाला बंद केली, म्हणून परवानाधारकांच्या हातात .३१५ आली. निवडणुकीला पोलीस ठाण्यात बंदुका जमा होतात तेव्हा बघा, बारा बोअर नाहीतर .३१५. ती अचूक म्हणून नव्हे, परवान्यावर मिळते म्हणून.

खेळातही तेच. २० ज्यूलपर्यंतच्या .१७७ एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणून तालुक्याच्या गावीसुद्धा १० मीटरच्या अकॅडमी निघाल्या. चांगलंच झालं. पण स्वप्निलचा प्रकार .२२ चा. ज्यांनी एनसीसी केली त्यांना ही 'पॉइंट टू टू' माहीत आहे. आम्हीही पालथं पडून मोजून पाच राउंड मारले होते. स्पर्धेची .२२ मात्र वेगळी. एकाच कारखान्याच्या दोन लॉटमध्येसुद्धा फरक पडतो. म्हणून मोठे नेमबाज एली, लापुआ, आरडब्ल्यूएसचे लॉट आपल्याच नळीतून तपासून घेतात. आणि रोज शंभर राउंड, वर्षाला तीनशे दिवस धरले तरी तीस हजार काडतुसं झाली. द्राक्षबागेचं कर्ज फेडणाऱ्या घराने हा हिशेब कसा जमवायचा?

गंमत बघा, काडतुसांचे कारखाने आपल्याच राज्यात. खडकीचा १८६९ पासूनचा, दुसरा वरणगावचा. दोन्ही आता म्युनिशन्स इंडियाकडे, तिचं मुख्यालयही पुण्यात. तरी वरच्या दर्जाच्या .२२ साठी नजर युरोपकडेच.

माझं म्हणणं सरळ आहे. पदक आलं की बक्षिसाचे कोटी जाहीर करता, त्यातला थोडा वाटा आधी काडतुसांवर घाला. विभागीय क्रीडा संकुलात मॅच दर्जाचा साठा ठेवा, नोंदणी झालेल्या खेळाडूला आयातीच्या किमतीत द्या. खडकी-वरणगावला चांगली .२२ बनवण्याचं काम द्या.

"काडतुसं बाहेर गेली तर?" हा प्रश्न रास्त आहे. त्यावर उपायही जुनाच आहे. राउंड रेंजवरच द्यायचे, तिथेच मारायचे आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायच्या. एनसीसीत पोरांकडून हेच करून घेतात.

१० मीटरवर चमकलेली आपली किती पोरं ५० मीटरला पोचली, हे आपापल्या तालुक्यातल्या कोचला विचारा. आणि पुढच्या वेळी आमदार-खासदार सत्काराला आले की हार घालायच्या आधी एवढंच विचारा : साहेब, काडतुसांचं काय?