धुक्यातील अनुज्ञा आणि नकाराचा अधिकार

वैतरणेच्या खाडीवर धुके दाटले की रेल्वेचालक वेग आवरतो, प्रसंगी सिग्नलपाशी गाडी उभी करतो. विमानाला आकाशात असे उभे राहता येत नाही. म्हणूनच अंधुक हवेत उतरण्याच्या अनुज्ञेचा प्रश्न गांभीर्याने घ्यावयास हवा.

उपकरणांच्या साह्याने उतरण्याच्या पहिल्या श्रेणीत जमिनीपासून सुमारे 60 मीटर उंचीवर येईपर्यंत वैमानिकास धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसलेच पाहिजेत. धावपट्टीवरील दृश्यमानता साधारणतः 550 मीटर लागते. दुसऱ्या श्रेणीत हे आकडे 30 व 300 मीटरपर्यंत खाली येतात. मात्र त्यासाठी विमानातील यंत्रणा, धावपट्टीवरील सोयी आणि वैमानिकाचे विशेष प्रशिक्षण या तिन्हींना मान्यता हवी. अमेरिकेत लहान विमानाच्या वैमानिकालाही ही अनुज्ञा मिळू शकते. परंतु तिची मुदत सहा महिन्यांची असते. सरावावाचून कौशल्य गंजते, हे तेथील नियमाने ओळखले आहे.

14 सप्टेंबर 2023 रोजी विशाखापट्टणमहून आलेले एक छोटे जेट मुसळधार पावसात मुंबईच्या धावपट्टीवरून घसरले. सुदैवाने आठही जण वाचले. त्या वेळी दृश्यमानता 700 मीटर होती, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितले. किमान मर्यादेहून मोठा आकडा म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

मोठ्या कंपनीच्या वैमानिकाला नियमांचे पाठबळ असते. छोट्या विमानात मालक वा मान्यवर प्रवासी हाताच्या अंतरावर बसलेला असतो आणि त्याला सभा गाठावयाची असते. अशा वेळी 'उतरत नाही' म्हणणाऱ्या वैमानिकाची नोकरी सुरक्षित राहील काय, हा खरा प्रश्न आहे. 1932 साली जे. आर. डी. टाटांनी सुरू केलेली हवाई टपालसेवा पावसाळ्यात जुहूचे मैदान निरुपयोगी झाले की पुण्याला हलवावी लागे. निसर्गापुढे घेतलेल्या त्या माघारीने सेवेला कमीपणा आला नाही.

एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे 'गगन' या भारतीय उपग्रहप्रणालीच्या मार्गदर्शनाने प्रवासी विमान उतरविण्यात आले. धावपट्टीशेजारी खर्चिक यंत्रणा न उभारताही उंचीचे मार्गदर्शन मिळू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. महाराष्ट्रातील छोट्या धावपट्ट्यांना ही सोय शासनाने अग्रक्रमाने द्यावी, वैमानिकांच्या सरावाची नियमित परीक्षा घ्यावी आणि परत फिरणाऱ्या वैमानिकास कायद्याचे संरक्षण द्यावे. प्रवाशाची प्रतिष्ठा कितीही मोठी असो, तिच्यामुळे धुके विरळ होत नाही.