‘अर्ज पोहोंचला’ म्हणण्यापूर्वीं

आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांचे विद्यार्थी जावास्क्रिप्ट शिकून वेबपानावरील अर्ज तयार करूं लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. पूर्वीं अर्ज धाडला कीं सबंध पान नव्यानें उघडे. आतां ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ या आज्ञेनें तें थांबवितां येतें. ‘फॉर्मडेटा’ रकान्यांतील मजकूर गोळा करतो, आणि ‘फेच’ ही आज्ञा तो सर्व्हरकडे धाडते. पान जागचें हालत नाहीं. या रीतीस २००५ सालीं ‘एजॅक्स’ हें नांव मिळालें.

परंतु पान हाललें नाहीं म्हणजे काय घडलें हें अर्जदारास दिसतही नाहीं. तें सांगण्याचें कर्तव्य अर्ज रचणारावर येतें. सर्व्हरनें ५०० हा दोषक्रमांक परत धाडला तरी ‘फेच’ त्यास अपयश मानीत नाहीं. उत्तरांतील ‘ओके’ आपणच तपासावें लागतें. ज्या रकान्यास ‘नेम’ दिलेलें नाहीं, त्यांतील मजकूर ‘फॉर्मडेटा’ मुकाट्यानें वगळतो. हें न पाहतां ‘अर्ज पोहोंचला’ असें दाखविणें आमच्या मतें असत्य भाषणच होय. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी माता तेवढ्या शब्दांवर निर्धास्त होते, आणि मुदत टळून जाते.

मुलांनो, अपयश आल्यास तसें स्पष्ट सांगा. भरलेला मजकूर पुसूं नका. पुन्हां धाडण्याची सोय ठेवा. पालकांनींही पाल्याचें काम किती जलद चालतें एवढेंच न पाहतां, मध्येंच इंटरनेट तुटलें असतां तें काय म्हणतें, हें अवश्य विचारावें.